‘तीन कबुतरं’चा अधिकृत इतिहास

इतिहास लिहायला बसू नये. बसायचंच असेल तर मेलेल्या राजांचा लिहावा; त्यांचे नातलग दुपारच्या कॉफीला येऊन खुर्ची अडवून बसत नाहीत. इर्मा कालेवार्टबाईंना हे शहाणपण आलं तेव्हा त्यांची चव्वेचाळीस पानं लिहून झाली होती, आणि स्वयंपाकघरात अकराव्या संस्थापकाची सून बसली होती.

झालं असं की त्र्याऐंशी सालच्या एप्रिलात रेमीला नगर कार्यालयाचं पत्र आलं. रेमी म्हणजे ‘तीन कबुतरं’ या बारचा मालक. डेट्रॉइटच्या पूर्वेला खेटून पॉप्लर क्रीक नावाची आमची वस्ती आहे, तिथल्या बेल्जियन माणसांचं देवळानंतरचं दुसरं ठिकाण म्हणजे हा बार. काहींच्या हिशेबी पहिलं. पुढे बार, मागे पिसाचा खेळ. पन्हाळीसारखा खोलगट, सत्तर फूट लांब मातीचा पट्टा, त्याच्या टोकाला जमिनीत खोचलेलं कबुतराचं पीस, आणि चीजच्या मोठ्या गोळ्यासारखी दिसणारी जाडजूड लाकडी चाकं. चाक सोडायचं आणि पिसाच्या जितकं जवळ जाऊन पडेल तितकं पाडायचं. चाक एका अंगाला जड असतं, त्यामुळे ते सरळ कधीच जात नाही. खेळणारेही जात नाहीत.

पत्रात म्हटलं होतं, जिथे अन्न शिजवून विकलं जातं तिथे उघडी माती असता कामा नये, सबब तीस जूनच्या आत पट्ट्यावर काँक्रीट ओतून घ्यावं. मात्र जागा पन्नास वर्षं याच वापरात असल्याचं कागदोपत्री सिद्ध झालं, तर ‘ऐतिहासिक स्थळ’ म्हणून सूट मिळेल.

रेमीकडे सगळ्यात जुना कागद होता तो आजोबांच्या परवान्याचा, डिसेंबर एकोणीसशे तेहतीसचा. म्हणजे पन्नासाला सात-आठ महिने कमी.

“अहो साहेब, सातव्या महिन्याची मुलंसुद्धा जगतात,” रेमी कार्यालयात जाऊन म्हणाला.

“ते खातं वरच्या मजल्यावर,” प्रेंटिस म्हणाले. प्रेंटिस हे तिथले अधिकारी. वय तिशीचं, बोलणं मऊ, आणि नियमांवर माया एखाद्याची मांजरावर असावी तशी.

आता खेळ तेहतीसच्या कितीतरी आधीपासून, थेट चोवीस सालापासून चालू होता, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अडचण इतकीच, की तेव्हा देशात दारूबंदी होती. म्हणजे बार होता, पण तो नव्हता.

रेमी इर्माबाईंकडे आला. देवळाच्या कचेरीत त्यांनी अडतीस वर्षं चिटणीस म्हणून काढली होती. कुणाचा बाप्तिस्मा कधी, कुणाचं लग्न घाईत का उरकलं, हे त्या वही न उघडता सांगत. एकदा तर नव्या पाद्रीबाबांना त्यांनी भर प्रवचनात तारखेची दुरुस्ती सुचवली होती.

“मावशी, चार पानं फक्त,” रेमी म्हणाला. “जे आठवतं ते लिहायचं. तुमच्यासारखी स्मरणशक्ती पंचक्रोशीत नाही.”

इर्माबाईंनी आढेवेढे घेतले, पण किती घ्यायचे याचं माप त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइपरायटरची नवी फीत आणली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बातमी फुटायला एक दिवसही लागला नाही. शेजारची झुल्मा सशाच्या रश्श्याचं पातेलं घेऊन आली. झुल्मा कधी रिकाम्या हाताने येत नाही, आणि रिकाम्या हाताने जातही नाही.

“इर्मा, पहिल्या पानावर काय लिहिलंस?”

“तारीख लिहिली.”

“तारखेखाली माझ्या सासऱ्यांचं नाव घाल. पहिली घमेलंभर माती त्यांनी आणली. नदीकाठची, स्वतः खणून.”

“ओक्ताफ म्हणतो त्याच्या वडिलांनी आणली.”

“त्याच्या वडिलांनी?” झुल्माने पातेल्यावरचं झाकण परत घट्ट बसवलं. “त्या माणसाने उभ्या जन्मात बिअरच्या ग्लासापेक्षा जड काही उचललेलं मी पाहिलं नाही.”

ओक्ताफ मास हा पिसाच्या खेळाच्या मंडळाचा अध्यक्ष. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कबुतरं पाळणारा आणि देहाने भरभक्कम. तो तासाभराने आला आणि रश्श्याचा वास घेत म्हणाला, “इर्मा, मी दबाव आणायला आलेलो नाही. फक्त माझे वडील संस्थापक होते एवढं लिही आणि बाकी तुला हवं ते लिही.”

आठवड्याभरात संस्थापक अकरा झाले. मातीचे चार, पहिल्या चाकाचे तीन, पिसाची कल्पना सुचलेले तीन, आणि एकाचं म्हणणं होतं की त्याच्या आजोबांनी हे सगळं करू नका असा सल्ला दिला होता, तोही इतिहासात यावा. इर्माबाई न्यायी बाई. त्यांनी सगळ्यांना जागा दिली. स्वतःच्या वडिलांना मात्र त्यांनी एकच वाक्य दिलं: ‘माझे वडील कै. कामिएल कालेवार्ट, देवळात तीस वर्षं दानपेटी फिरवणारे सेवेकरी, या जागेत कधी गेलेच तर ते इतरांना घरी आणण्यासाठी.’ हे वाक्य त्यांना चव्वेचाळीस पानांत सगळ्यात आवडलं होतं.

प्रेंटिसनी चव्वेचाळीस पानं दोन दिवसांत वाचली आणि नम्र चिठ्ठी लावून परत पाठवली. ‘लेखन हृद्य आहे. तथापि आठवण म्हणजे कागद नव्हे.’

ही चिठ्ठी इर्माबाईंना लागली. अडतीस वर्षं लोक त्यांच्या आठवणीवर लग्नाच्या तारखा ठरवत आले होते. त्यांनी ती चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली ठेवली, मग काढली, मग घड्याळामागे ठेवली. मग त्यांनी घड्याळच बंद असल्यासारखं त्याच्याकडे बघणं सोडून दिलं. “कागद हवा ना?” त्या रेमीला म्हणाल्या. “कागद काढू.”

आणि इथे खरी गंमत सुरू झाली. आमच्या आधीच्या पिढीने दारूबंदीत बार इतका काळजीपूर्वक लपवला होता, की तो पन्नास वर्षांनंतर त्यांच्या मुलांनाही सापडेना. फोटो मिळाला तर त्यात पट्ट्यावर लांबच लांब फळ्या आणि चादरी टाकलेल्या, आणि वर पन्नास गंभीर पुरुष पाव खाताहेत. वर्गणीची वही मिळाली तर तिच्यावर नाव ‘संत अमांडस सायकल दुरुस्ती मंडळ’. सभासद चौसष्ट. नऊ वर्षांत दुरुस्त झालेल्या सायकली, एक. एका बैठकीचं इतिवृत्त असं होतं: ‘आज ट्यूबवर चर्चा झाली. बंधू मास हरले. सर्वांना पंक्चर काढून देण्याचं त्यांनी मान्य केलं. तीन वेळा काढून दिलं.’

“बघा,” रेमी म्हणाला, “हे तर सरळ आहे. पंक्चर म्हणजे ग्लास.”

“तुला सरळ आहे. प्रेंटिसना सांग.”

सांगितलं. प्रेंटिसनी वही आस्थेने चाळली आणि विचारलं, की इथे सायकल दुरुस्ती होत असेल तर वंगण साठवण्याचा परवाना कुठे आहे. रेमी म्हणाला, सायकली नव्हत्याच. मग चौसष्ट सभासदांचं मंडळ खोट्या नावाने चाललं होतं का, असं प्रेंटिसनी विचारलं, आणि रेमीला एकाएकी खोकला आला. पुढच्या मंगळवारी आगीच्या खात्याचा माणूस वंगण शोधायला आला. त्याला वंगण सापडलं नाही, पण मागच्या अंगणात ओक्ताफची मंडळासाठी ठेवलेली बावीस कबुतरं सापडली. आमच्या वस्तीत परवानगी बाराच कबुतरांची होती.

“तुझ्या इतिहासाने माझी दहा कबुतरं खाल्ली,” ओक्ताफ इर्माबाईंच्या दारात उभा राहून म्हणाला.

“खाल्ली नाहीत. हलवायची आहेत.”

“कुठे हलवू? ती घरी परत येणारी कबुतरं आहेत. तेवढंच शिकवलंय त्यांना.”

ओक्ताफ गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने भाच्याच्या ओळखीने विद्यापीठातला एक मातीचा तज्ज्ञ आणला. तज्ज्ञाने गुडघ्यावर बसून पट्ट्याच्या कोपऱ्यातून हातभर खोल नमुना काढला, हुंगला, नळीत भरला आणि पंधरा दिवसांनी अहवाल पाठवला. माती जुनी होती यात वाद नाही, असं त्यात होतं. बारा हजार वर्षं जुनी. प्रेंटिसनी तोही अहवाल दाखल करून घेतला आणि खाली लिहिलं, ‘मातीच्या वयाबद्दल कार्यालयाचा आक्षेप नाही. वापर केव्हापासून?’ पट्ट्याला मात्र त्या खड्ड्यापाशी अशी खोट आली, की प्रत्येक चाक तिथे जाऊन आडवं पडू लागलं आणि दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तुटलं.

या सगळ्यात इर्माबाईंची झोप उडाली. सूप ढवळताना त्यांना सनावळी आठवे आणि सूप लागे. प्रार्थनेला बसल्या की अकरा संस्थापक रांगेने डोळ्यांपुढून जात आणि प्रत्येक जण आपलं नाव पुढे का नाही म्हणून विचारी. वस्तीत आता प्रत्येक संकट त्यांच्या नावावर जमा होऊ लागलं होतं. “इर्मामुळे आगवाला आला.” “इर्मामुळे खड्डा पडला.” खड्डा ओक्ताफने पाडला होता, पण इतिहासात असं होतंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रेंटिसनी स्वतः फोन केला. “बाई, हे मी अधिकारी म्हणून सांगत नाही. जिल्हा न्यायालयाच्या तळघरात दारूबंदीच्या काळातले पोलिसांचे छापे नोंदवलेत. तुमच्या जागेवर कधी छापा पडला असेल, तर तो उत्तम सरकारी कागद होईल.”

रेमीने आनंदाने बिअर ओतली. “देवा, आमच्यावर छापा पडलेला असू दे,” तो म्हणाला. अशी प्रार्थना त्या बारमध्ये पहिल्यांदाच झाली.

इर्माबाई बसने गेल्या. तळघरातल्या बाईने त्यांना खोकी काढून दिली आणि त्या टोपी न काढता वाचत बसल्या. तिसऱ्या खोक्यात तो सापडला. बारा मार्च एकोणीसशे सत्तावीस. पत्ता तोच. मजकूर असा:

‘मागील खोलीत मातीचा लांब खंदक दिसून आला. त्यात सोळा गोल वस्तू होत्या. हे काय आहे असे विचारता हजर इसमाने चीज असल्याचे सांगितले. हवालदाराने एक कापून पाहण्याचा प्रयत्न केला असता चाकू तुटला. सदर इसम म्हणाला, चीज जुने आहे. जमिनीत एक पीस खोचलेले होते, त्याचा समाधानकारक खुलासा त्यास करता आला नाही. दोन पिंपे बिअर व सोळा चीज जप्त. अटक एक.’

इर्माबाईंना हसू आलं. हसतच त्यांनी पुढची ओळ वाचली. ‘नाव: कामिएल कालेवार्ट. शिक्षा: आठ दिवस.’

त्यांनी चष्मा पुसला. नाव तेच राहिलं.

आता हे आठ दिवस साधे नव्हते. पापा दहा वर्षांच्या इर्माला आणि तिच्या आईला सोडून आठ दिवस मठात मौन पाळायला गेले होते, ही गोष्ट इर्माबाईंनी वस्तीतल्या दोन पिढ्यांना उपासाच्या दिवसांत सांगितली होती. आईने मठात धुतलेले मोजे पाठवले होते. पापा वाळून परत आले, तेव्हा आई म्हणाली, उपासाने. त्यांनी पुढे जन्मभर ओटची पेज तोंडाला लावली नाही, तेव्हाही आई म्हणाली, व्रत आहे. इर्माबाईंच्या बाबतीत सांगायचं तर त्यांच्या सगळ्या सभ्यतेचा पाया म्हणजे ते आठ दिवस होते. त्यांच्या जोरावर त्यांनी किती जणांना दारूवरून ऐकवलं होतं. झुल्माच्या नवऱ्याला तर मरणाच्या आदल्या आठवड्यात.

दोन पानांची नक्कल त्यांनी घेतली, दुसरं पान न वाचताच घडी केली आणि पर्समध्ये कोंबली. रेमीला सांगितलं, “अजून शोधतेय.” साठ वर्षांत त्यांनी सांगितलेलं हे पहिलं खोटं. निदान स्वतः रचलेलं पहिलं.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांचा पाय एका जागी ठरेना. नक्कल पिठाच्या डब्यात ठेवली, तर झुल्मा पीठ उसनं मागायला आली. प्रार्थनापुस्तकात ठेवली, तर पान उघडलं की तीच. शेवटी ती परत पर्समध्ये आली आणि पर्स सगळीकडे बरोबर, अगदी मागच्या अंगणात कपडे वाळत घालतानासुद्धा. “कुणी चोर मागे लागलाय का?” झुल्माने कुंपणावरून विचारलं. “तुझा चेहरा असा झालाय जशी काही तूच बँक फोडलीस.”

“मला झोप नाही.”

“मग तो इतिहास सोड. रेमीने काँक्रीटवाल्याला बोलावलंय आज माप घ्यायला. संपला विषय.”

इर्माबाई ओला टॉवेल तसाच टाकून निघाल्या.

बारमध्ये दुपारचे सात-आठ म्हातारे बाकांवर बसले होते. कुणी खेळत नव्हतं. काँक्रीटवाला जाडजूड बुटांनी पट्ट्यावर उतरला आणि फीत ओढत चालायला लागला. आमच्याकडे पट्ट्यावर बुटाने कुणी उतरत नाही. माती सारवणारासुद्धा मोज्यांनी उतरतो. ओक्ताफ फक्त त्या बुटांकडे बघत राहिला आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवली, एखादी अंत्ययात्रा रस्त्यावरून जाताना ठेवतात तशी. रेमी फडक्याने कोरडे ग्लास पुसत होता.

“सिमेंटवर चाक वाजेल,” तो स्वतःशीच म्हणाला. “मातीवर वाजत नाही.”

इर्माबाई बाहेर आल्या. समोर बसचा थांबा होता, त्याच्या बाकावर त्या बसल्या आणि त्यांनी पर्समधून दुसरं पान काढलं. दोन बस गेल्या. दुसऱ्या बसवाल्याने विचारलं, “यायचंय का, आजी?” त्यांनी मान हलवली, पण होय की नाही ते त्याला कळलं नाही, म्हणून तो गेला.

सत्तावीस जूनच्या सकाळी नगर कार्यालयात सुनावणी होती. तीन जणांची समिती, शेजारी प्रेंटिस, आणि मागे आमची निम्मी वस्ती रविवारच्या कपड्यांत. रेमी काही म्हणायच्या आत इर्माबाई उभ्या राहिल्या.

“माझ्याकडे कागद आहे,” त्या म्हणाल्या. “सरकारी. शिक्का आहे.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. चीज कापण्यापाशी समितीतल्या एकाने तोंडावर रुमाल धरला. अटकेपाशी त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि बापाचं नाव देवळात नावं पुकारतात तसं स्पष्ट, पूर्ण वाचलं. आठ दिवसही वाचले. झुल्माने “आई गं” म्हटलं, पण हळू. इर्माबाईंनी पान उलटलं.

“ ‘आरोपीस पळून जाण्यास पुरेसा अवधी होता,’ ” त्या वाचत होत्या. “ ‘तथापि तो खंदकाच्या काठी उभा राहून पोलिसांस बूट काढून आत या असे वारंवार सांगत होता. बूट न काढल्यास माती बिघडते असे त्याचे म्हणणे. चार शिपायांपैकी दोघांनी बूट काढले.’ ”

त्या खाली बसल्या. समितीच्या अध्यक्षबाईंनी कागद मागून घेतला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली, प्रेंटिसच्या कानात काही विचारलं. प्रेंटिस म्हणाले, “खंदक, गोल वस्तू, पीस, आणि बिअर. वापर तोच आहे, बाई. छप्पन्न वर्षं.”

“मंजूर,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “काँक्रीटची नोटीस रद्द. प्रवेशद्वारावर पितळी पाटी लागेल. पाटीवर घालायला कुणाचं नाव आहे?”

आणि इतका वेळ श्वास धरून बसलेली आमची वस्ती एकदम बोलायला लागली. पण इर्माबाईंना जी भीती होती तसं कुणी बोलेना. झुल्मा उठून म्हणाली, तिच्या सासऱ्यांनाही पकडलं होतं, दहा दिवस आत होते, कागद नीट शोधला पाहिजे. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, आमच्या आजोबांना तर बेड्या घातल्या होत्या. गेल्या महिन्यात ज्यांचे बाप संस्थापक होते, त्या सगळ्यांचे बाप बघता बघता तुरुंगात जाऊन बसले.

ओक्ताफ सगळ्यांत शेवटी उभा राहिला. “इर्मा, कामिएलकाकांचा मान राखूनच बोलतो,” तो म्हणाला. “पण माझे वडीलही त्या दिवशी तिथे होते. घरात तसं बोललं जायचं. तेव्हा पाटीवर ‘कालेवार्ट आणि मास’ असं आलं तर कुणाची हरकत नसावी.”

इर्माबाईंनी अध्यक्षबाईंकडून दुसरं पान परत मागून घेतलं. चष्मा नाकावर नीट बसवला.

“होते,” त्या म्हणाल्या. “शेवटचं वाक्य मी वाचलं नव्हतं. ‘उर्वरित अंदाजे चाळीस इसम मागील खिडकीतून पसार झाले. पैकी एक स्थूल इसम खिडकीत अडकला असता आरोपीने त्यास आतून ढकलून बाहेर काढले, व मग पोलिसांकडे वळून पुन्हा बुटांविषयी सांगू लागला.’ ओक्ताफ, तुझे वडील अंगाने कसे होते रे?”

ओक्ताफने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे.

“जरा भरलेले होते,” तो म्हणाला.

“मग बस खाली.”

तो बसला. इर्माबाईंनी पहिलं पान वर घेतलं, घसा साफ केला आणि बारा मार्च एकोणीसशे सत्तावीसपासून सगळं पुन्हा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.